पुरासाठी छोटी बोट घ्यायचीय: पूर्ण हवेची की फायबर तळाची?

गंगाथडी

नमस्कार मंडळी.

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदावरीला अगदी लागून. नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्याची बातमी आली की आमच्याकडे धान्याची पोती माळ्यावर चढतात. वरून गंगापूर धरणाचा विसर्ग, बाजूने दारणेचं पाणी आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा. हे तिन्ही एकदम आले की गावठाणापेक्षा मळ्यातल्या वस्त्यांचे जास्त हाल होतात. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा हेच पाहिलं. गावातली माणसं वेळेत निघतात. मळ्यात एखादी आजी 'जनावरं टाकून येत नाही' म्हणते, तिच्यापायी सगळं घर थांबतं, आणि मग रस्ता तुटतो.

एनडीआरएफची (केंद्राच्या आपत्ती दलाची) जवळची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, एसडीआरएफ (राज्याचं दल) धुळ्याला. त्यांना यायला जे चार-पाच तास लागतात, तेवढ्यासाठी गावाची स्वतःची बोट असावी म्हणून वर्गणी जमवलीय. दोन कोटेशनं हातात आहेत.

पहिली पूर्ण हवेची: ३.८ मीटर, हायपालॉन (रबरी) कापड, आत अॅल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ, १५ एचपीचं ओबीएम, म्हणजे मागे लावायचं इंजिन.

दुसरी रिब: ४.२ मीटर, खाली फायबरचा व्ही आकाराचा कडक तळ, भोवती हवेच्या नळ्या, २५ एचपी, ट्रेलरसह. किंमत पहिलीच्या जवळपास दीडपट. पैसे पुरतील, पण मग लाइफ जॅकेट आणि दोरांसाठी काही उरत नाही.

पोरांचा ओढा दुसरीकडे आहे, माझाही थोडा तिकडेच. पैसे लोकांचे आहेत आणि बोटीत बसणारा जीवही लोकांचा. अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगा.

कोकणकिनारा

गंगाथडी भाऊ, मी अलिबागकडचा, बोटींच्या दुरुस्तीचं काम करतो. माझं मत सरळ रिबला.

मुळात रिब जन्मली तीच जीव वाचवायला. १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात ॲडमिरल डेस्मंड होअर आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी हवेच्या बोटीचा कापडी तळ फाटतो म्हणून त्याखाली कडक तळ बसवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेच्या अटलांटिक बोटी आल्या. व्ही तळ पाणी कापतो, सरळ रेषेत चालतो, वळताना घसरत नाही. सपाट तळाची हवेची बोट वाऱ्यावर पाचोळ्यासारखी भरकटते. २५ एचपी मागे असेल तर धारेच्या विरुद्ध माणसं भरूनही वर चढता येतं. १५ मध्ये सहा माणसं बसली की इंजिन नुसतं ओरडत राहतं.

फायबरला ओरखडा गेला तर मॅट आणि रेझिन लावून नाशकातच कोणीही बुजवेल. अंबड-सातपूरला फायबरचं काम करणारे भरपूर आहेत. हायपालॉन चिकटवणारा तुम्हाला तिथे मिळायचा नाही.

माजी_सॅपर

कोकणकिनारा यांचं बोटीचं ज्ञान पक्कं आहे, पण ते समुद्राच्या पाण्याचं सांगताहेत. पूर वेगळा. समुद्रावर जेटी असते, उतार असतो. पुराचा काठ दर तासाला जागा बदलतो. सकाळी मारुतीच्या पारापाशी असलेलं पाणी दुपारी शाळेच्या पायरीला असतं.

गंगाथडी, निवड करण्याआधी चार गोष्टी सांगा. बोट पाण्यात कुठून उतरवणार? हाताशी माणसं किती? पाण्याखाली काय आहे? आणि उरलेले दहा महिने ती कुठे ठेवणार? एचपी, मीटर हे नंतर बघू.

गंगाथडी

सर, तुमच्या क्रमानेच सांगतो.

डांबरी रस्ता पाण्यात बुडतो तिथून उतरवता येईल. पण वस्त्यांकडे जायचं तर मध्ये कॅनॉलचा भराव आडवा येतो. पाणी फार चढलं तरच तो बुडतो, नाहीतर अलीकडेही पाणी आणि पलीकडेही पाणी. तिथे बोट उचलून पलीकडे टाकावी लागेल. भरवशाची, पोहता येणारी पोरं आठ-दहा. ट्रॅक्टर हवे तेवढे. ठेवायला सोसायटीचं जुनं गोदाम.

पाण्याखाली काय आहे? शेतं, काळी माती.

द्राक्षबाग

नुसती शेतं कशी म्हणता दादा? बागा म्हणा ना! मी पिंपळगावकडचा, पण नदीकाठी आमच्या मामांची बाग आहे, त्यामुळे पोटतिडकीने लिहितोय.

आपल्याकडे पूर्वीचे मांडव गेले आणि वाय अँगल आले. लोखंडी अँगलचे दोन हात वर पसरलेले, त्यावर ताणलेल्या तारा. साधारण माणसाच्या डोक्याच्या आसपास सगळं जाळं. शेतात चार-पाच फूट पाणी चढलं की हे जाळं पाण्याच्या पातळीच्या जरा वर किंवा जरा खाली येतं. गढूळ पाण्यात ते अजिबात दिसत नाही. वरून मोकळं तळं वाटतं आणि खाली एकरभर तारांचं विणकाम! अँगलचं टोक कापलेलं असतं, त्याला धार असते. हवेची नळी त्यावर घासली तर फाडत नेईल. आणि तार इंजिनच्या पंख्यात गुंतली तर रिब असो की आणखी काही, बोट जागच्या जागी बांधली जाते आणि मागून धार ढकलत राहते. हे दृश्य मनात आलं तरी अंगावर काटा येतो.

कोणतीही बोट घ्या, पण बागेवरून नेऊ नका. शिवरस्ता, डांबरी, ओढ्याचं पात्र, एवढ्यातूनच जायचं. उन्हाळ्यातच शिवाराचा नकाशा काढून त्यावर बागा लाल रंगाने भरून ठेवा. शिवरस्त्याच्या कडेला उंच बांबू रोवून वर पांढऱ्या गोण्या बांधल्या तर पाण्यातही रस्ता दिसेल. बाभळीच्या फांद्या वाहून येतात त्या वेगळ्याच.

माजी_सॅपर

द्राक्षबाग यांची पोस्ट या धाग्यातली आतापर्यंतची सगळ्यात कामाची. शहरी पुराच्या कोणत्याही प्रशिक्षणात वाय अँगल येत नाही.

आता भरावाचं बोलू. ३.८ मीटरची हवेची बोट फळ्यांसकट सुमारे ७५-८० किलो भरते. १५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन ३५-४० किलो, ते वेगळं काढून दोघांनी उचलायचं. टाकी वेगळी. म्हणजे सहा पोरं चिखलातून, भराव चढून, पाच मिनिटांत बोट पलीकडे उतरवतील. ४.२ ची रिब नुसतीच दीडशे किलोच्या घरात, इंजिन आणखी ५० च्या आसपास. कोरड्या सिमेंटवर आठ जण ती उचलतीलही. ओल्या काळ्या मातीत, रात्री, पावसात, पाय घोट्यापर्यंत रुतत असताना? पाठी मोडतील.

ट्रॅक्टर आहे हे खरं. पण तो बोटीला पहिल्या पाण्यापर्यंत नेतो. भरावापलीकडच्या पाण्यापर्यंत नेईलच असं नाही.

कोकणकिनारा

भराव हा मुद्दा माझ्या डोळ्यासमोर नव्हता, मान्य. तरीही धारेचा प्रश्न राहतोच. नदीचं मुख्य पात्र ओलांडायची वेळ आली तर १५ एचपीच्या हवेच्या बोटीतून जाऊ नका. आणि हायपालॉन म्हणून नक्की काय देताहेत तेही विचारा. ड्यूपाँटने त्या नावाचं उत्पादन २०१० मध्येच थांबवलं. आता जे मिळतं ते त्याच जातीचं रबर, सीएसएम. ते चांगलंच असतं, फक्त कापडाची जाडी आणि बनावट लेखी घ्या. पीव्हीसी पुढे करत असतील तर नको म्हणा. तुमच्या उन्हात ते काही वर्षांत चिकट होतं.

माजी_सॅपर

पात्र ओलांडायचंच नाही. गावच्या पथकाने ते करायचं नसतं, तिथे एनडीआरएफची वाट बघायची. हा नियम फळ्यावर लिहून ठेवा.

शिवारात साचलेल्या पाण्यालाही रस्त्याच्या मोऱ्यांपाशी ओढ असते. तिथे नाक थेट पलीकडच्या काठाकडे करायचं नाही. नाक धारेच्या वरच्या अंगाला, जरा तिरकं ठेवायचं आणि इंजिन एवढंच चालवायचं की बोट खाली वाहू नये. धारच तिला बाजूला सरकवत पलीकडे नेते. आडवं नेलं तर धारेच्या अंगाची नळी पाण्यात दबते आणि सगळी माणसं घाबरून एका बाजूला होतात. बोटी उलटतात त्या अशा. हे शांत पाण्यात, रिकाम्या बोटीवर पोरांकडून घोटून घ्या.

पाणकावळा

मी गंगापूर रोडला राहते, पक्षिनिरीक्षणासाठी हवेची बोट वापरते. पुराचा अनुभव मला नाही, पण हवेच्या बोटीचा रोजचा संसार ठाऊक आहे, तो सांगते.

उन्हाचं आधी. नळीत साधारण २५० मिलिबार दाब भरतात. सकाळी गार हवेत तो बरोबर भरून बोट काठावर उन्हात ठेवली आणि आतली हवा तीस अंशांनी तापली, तर दाब पावणेचारशेच्या जवळ जाऊ शकतो. मिलिबार मोजणारं गेज घ्याच, बोटाने दाबून काही कळत नाही. उलट तीच बोट पावसाच्या गार पाण्यात उतरली की दाब पडतो, नळ्या मऊ होतात आणि मधली फळी हलायला लागते. म्हणून पाण्यात उतरवल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारायचा. पंप बोटीतच ठेवायचा, काठावर नाही.

दुसरं पंक्चरचं. नळीला तीन ते पाच वेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. पण ठिगळ पुराच्या दिवसांत लावता येईल या भरवशावर राहू नका. दोन भागांचा डिंक असतो. जागा घासायची, पुसायची, पातळ थर द्यायचे, मध्ये वाळू द्यायचं, मग दिवसभर हात लावायचा नाही. एवढं करूनही हवेत दमटपणा असला की जोड धरत नाही, आणि आपला श्रावण म्हणजे दमटच. पुरात चालतो तो दोन पत्र्यांचा क्लॅम्प: एक पत्रा चिरेतून आत सरकवायचा, दुसरा बाहेरून, आणि मधला बोल्ट आवळायचा. चिखलात, ओल्या हातांनीही बसतो. दोन-तीन घेऊन ठेवा.

तिसरं उंदीर. गोदाम म्हणालात म्हणून मुद्दाम. घडी घातलेली बोट म्हणजे त्यांना घर. घडी घालूच नका. अर्धी हवा भरून, टॅल्कम पावडर लावून, छताला पट्ट्यांनी टांगा.

एक मनापासून सांगते. आजीला बोटीत घेण्याचा विचार करा. हवेची नळी पाण्यापासून हातभर उंच, मऊ. नऊवारीतल्या बाईला दोघांनी नळीवर पोटावर ओढून आत घेता येतं, बोट कलंडत नाही. नुसत्या कडक होडीत तेच करताना होडी त्या बाजूला झुकते. रिबलाही नळ्या आहेत, म्हणजे याबाबतीत तुमच्या दोन्ही बोटी चांगल्या. पण कोणी 'साधी फायबरची होडी घ्या, स्वस्त पडेल' म्हणालं तर हे आठवा.

पाना_पक्कड

इंजिनवर कोणी बोललंच नाही. माझं काम तेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुरात इंजिन चालू झालं नाही तर दोन्ही बोटी सारख्याच. आणि वर्षातून दोन महिने लागणारं इंजिन हमखास चालू होत नाही. कारण पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, पुरेसं पाणी ओढलं की टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेलं वाळून जेटच्या भोकात चिकट थर धरतं. म्हणून काम झालं की टाकीची नळी काढायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. वाटी कोरडी झाली पाहिजे. मिक्स केलेलं पेट्रोल साठवायचं नाही. जूनपासून दर महिन्याला ताजं आणायचं, जुनं दुसरीकडे वापरून टाकायचं. टू-स्ट्रोकला कंपनीच्या पुस्तकातलं प्रमाण पाळा, बहुतेकांचं ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा, रात्री घाईत कोणीतरी साधं पेट्रोल ओतेल.

दर पंधरा दिवसांनी दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरून, पंखा काढून इंजिन दहा मिनिटं चालवा. मागच्या बाजूने पाण्याची बारीक पिचकारी उडते, ती आली म्हणजे थंड करणारा पंप चालू आहे. पुरात ही पिचकारी सतत बघणारा एक माणूस लागतो. तुमच्याकडे पाणवेली किती येतात ते तुम्हीच जाणता. नाशिकच्या खालच्या अंगाला गंगा (गोदावरी) हिरवीगार दिसते. पाणी ओढायच्या जाळीवर त्यांच्या मुळ्या बसल्या की पिचकारी थांबते आणि बघता बघता इंजिन जाम. पंख्याला वेली गुंडाळल्या तर आधी न्यूट्रल, मग थोडं रिव्हर्स मारून सोडवायचं. नाही सुटल्या तर इंजिन बंद करून, वर उचलून कोयत्याने कापायच्या. चालू पंख्याजवळ हात नाही म्हणजे नाही. वेलींच्या पट्ट्यात इंजिन उचलून ठेवा आणि बांबूने रेटा.

आणि पंख्याभोवती जाळीचा गार्ड बसवून घ्या. तुम्ही पाण्यातल्या माणसाजवळ जाणार आहात. गार्डने वेग थोडा कमी होतो, होऊ द्या. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल कॉर्ड, तो पडला की इंजिन बंद.

वजनाचा विचार करता माझं मत १५ एचपी. ट्रान्समची, म्हणजे इंजिन बसतं त्या मागच्या फळीची, उंची मोजून घ्या, १५ इंची असेल तर शॉर्ट शाफ्टचं (आखूड दांड्याचं) इंजिन, २० असेल तर लाँग. चुकीचा शाफ्ट गळ्यात बांधून पाठवण्याचे प्रकार होतात.

द्राक्षबाग

पाणवेलींबद्दल १०० टक्के सहमत. सायखेड्याच्या पुलाला त्या कशा तटतात ते सगळ्यांनी पाहिलंय.

गंगाकिनारी_वस्ती

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही मळ्यात राहतो, बोटीची वाट बघणाऱ्यांपैकी. सांगायचं एवढंच की बोट आली की सगळे एकदम धावतात. लेकरं आधी की म्हातारी आधी, गाठोडं घ्यायचं की नाही, यावर भांडणं होतात. बोटीतल्या माणसाचा आवाज ठाम पाहिजे. आणि जाताना 'परत येतोय' एवढंच म्हणू नका, मागच्यांना वेळ सांगून जा. त्या अर्ध्या तासात माणूस वेडा होतो हो.

माजी_सॅपर

ताई की दादा ते कळलं नाही, पण तुमचं लिहिणं मनाला लागलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला काय झालं ते या गटातल्या प्रत्येकाला माहीत हवं. पुरातून सोडवायला गेलेली बोट क्षमतेबाहेर भरली गेली आणि उलटली. आया, लेकरं बुडाली. बोट कोणती होती यापेक्षा तिच्यात किती माणसं बसली यावर सगळं ठरलं. ३.८ मीटरच्या बोटीवर सहाचा आकडा लिहिलेला असेल तर त्यात तुमची दोन पोरं धरलेली आहेत. म्हणजे एका फेरीला चार. पाचवा चढला तर बोट काठावरून हलवायची नाही. हा आकडा नळीवर मराठीत, ठळक रंगवा, म्हणजे वाद बोटीवाल्याशी नाही, आकड्याशी होईल.

जॅकेटांवर पैसे वाचवू नका. ५० न्यूटनचं (हा तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा) जॅकेट पोहणाऱ्यांसाठी, पोरांनी वापरावं. वाचवलेल्या माणसाला निदान १०० चं, आणि जमलं तर कॉलरवालं १५० चं. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर वळवण्यासाठी ते बनवलेलं असतं. लहान मुलांचे माप वेगळे, मांड्यांमधून पट्टा असलेले घ्या, नाहीतर मूल खालून निसटतं. रिब घेतली आणि जॅकेटं राहिली, तर मी म्हणेन बोटच घेऊ नका.

पाणकावळा

नोंदणीचंही बघून घ्या. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, इंजिनवाल्या बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते. तहसीलदारांकडे पथकाची नोंद असली तर पुराच्या वेळी ते तुम्हाला हाक मारतील, आणि तुम्ही स्वतःहून उतरलात असंही होणार नाही. सराव नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला करू नका, तिथे अभयारण्य आहे, रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे.

कोकणकिनारा

मी माझं मत बदलतोय. भराव, तारा आणि चार माणसांची फेरी हे सगळं धरलं तर इथे वेगाचा उपयोगच नाही, उचलता येण्याचा आहे. हवेची घ्या. फक्त दोन गोष्टी कोटेशनमध्ये वाढवून मागा. एक, तळाच्या मधोमध आणि नळ्यांच्या खालच्या अंगाला त्याच कापडाची जाड पट्टी. काठावर ओढताना झिजते ती हीच जागा. दोन, नळीवर चहूबाजूंनी पकडायचा दोर. पाण्यातल्या माणसाच्या हाताला पहिली तीच वस्तू लागते. पहिल्या जोडणीच्या वेळी फोटो टाका, शिवण आणि व्हॉल्व्ह बघून सांगतो.

गंगाथडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सोसायटीत बसलो, हा धागा मोबाईलवरून वाचून दाखवला. ब्रह्मनाळचा भाग वाचताना कोणी बोललं नाही.

ठरलं ते असं. हवेची ३.८ मीटर, सीएसएम कापड लेखी घेऊन, १५ एचपी, शाफ्ट मोजून, पंख्याला गार्ड, तळाला पट्टी, कडेने दोर. रिबचे जे पैसे वाचतात त्यातून मोठ्यांची आणि लहानांची जॅकेटं, दोन वल्ही जास्तीची, तीन क्लॅम्प, गेज, फेकायचे दोर आणि डोक्याला लावायच्या बॅटऱ्या. रिबसाठी अडून बसलेल्या पोरांना कॅनॉलच्या भरावावर नेलं आणि दीडशे किलो भरतील एवढी खताची पोती लाकडी फळीवर ठेवून उचलायला सांगितलं. त्यानंतर कोणी रिबचं नाव काढलं नाही.

नकाशाचं काम द्राक्षबाग यांनी सांगितल्याप्रमाणे सुरू केलंय. तलाठ्यांकडून गटांचा नकाशा घेतला, बागा लाल रंगवल्या. रंगवून झाल्यावर कळलं की दोन वस्त्यांकडे जाणारा शिवरस्ता एका ठिकाणी दोन्ही बाजूंच्या बागांमध्ये इतका अरुंद आहे की तिथून बोट वळवता येणार नाही. त्या बागायतदारांशी बोलणं चालू आहे, कडेची एक ओळ काढायला एक जण तयार झालाय. दुसऱ्याला अजून समजवायचंय.

सर, पोरांना धारेतलं तिरकं नेणं शिकवायला तुम्ही एक दिवस याल का? राहण्या-जेवणाची व्यवस्था आमच्याकडे.

माजी_सॅपर

येतो. मेमध्ये पाणी कमी असतं, पण कॅनॉलला आवर्तन सुटलं की कळवा, काठावरून दोर लावून त्यात सुरुवातीचे धडे देता येतील का ते पाहणी करून ठरवू. बोट येण्याआधी पोरांची पोहण्याची परीक्षा घ्या, कपडे आणि जॅकेट घालून. आणि दुसऱ्या बागायतदारांचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मीही बोलतो.